मुदतीत उत्तर न आल्यास

४ मार्च

भुंग्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे टेबलाच्या कडेला सरकवून ठेवलं असशील. ठेव, पण फाडू नकोस. हे कामाचं पत्र आहे. बहीण म्हणून लिहायचं असतं तर सहा वर्षांत कधीतरी लिहिलं असतं.

माझे मेल तू उघडत नाहीस आणि फोनवर माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. त्यामुळे जन्मभर इंटरनेटच्या कचेरीत नोकरी केलेली बाई आज पोस्टाच्या रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या माणसानं पोचपावतीचा गुलाबी कार्डाचा तुकडा पाकिटाला चिकटवला आणि विचारलं, आत काय आहे? म्हटलं, कागद. हसायचं असेल तर हसून घे.

तर काम असं आहे. मास्तरणीनं एकदा आपल्याला विचारलं होतं, तुम्ही बहीणभाऊ नक्की करता तरी काय? तेव्हा तूच तुझ्या या मास्तरीण बायकोला समजावलं होतंस की घराला पत्ता लागतो तसा इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. ताईची रजिस्ट्री ते आकडे गठ्ठ्यानं वाटते आणि माझ्यासारखे छोटे नेटवर्कवाले ते घरोघरी पोचवतात. इतकं सोपं मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

जगात अशा रजिस्ट्र्या मोजक्याच, एकेका मोठ्या विभागाला एक. त्या कशा सुरू करायच्या याचे नियम पंचवीस वर्षांपूर्वी लिहिले गेले तेव्हा सगळे उत्साहात होते. सुरुवात कशी करायची यावर तीन पानं आहेत आणि एखादी बंद पडायला आली तर काय, यावर एक ओळ नाही. आता ते नियम नव्यानं लिहिणं चाललंय, सगळ्या रजिस्ट्र्या मिळून, आणि त्या कमिटीची सचिव मी आहे. कलम नऊ उतरवून देते:

‘अडचणीत आलेल्या रजिस्ट्रीस नोटीस द्यावी. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर न आल्यास तिची हरकत नाही असे समजून मान्यता काढावी व तिचे काम दुसऱ्या रजिस्ट्रीकडे सोपवावे.’

ओळखीचं वाटलं ना? मसुदा परवा जाहीर झाला. हरकती ३१ मार्चच्या संध्याकाळी पाचपर्यंत. हरकत कोणीही घेऊ शकतं, फक्त कचेरीतले नोकर सोडून, म्हणजे मी सोडून. आणि नुसतं ‘पटत नाही’ म्हणून चालत नाही. या शब्दांनी कोणाचं खरोखर नुकसान झालं असेल तर ते दाखवावं लागतं. असा माणूस मला जगात एकच माहीत आहे.

चार ओळी लिही. माझ्यासाठी नको, कामासाठी लिही. जुनं उकरायचं नाहीये मला. ती यादी यंत्रानं काढली होती आणि मी फक्त सही केली, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

ताई


११ मार्च

भुंग्या,

पोचपावती परत आली. सहीचा शेवटचा फराटा अजून तसाच, कागदाबाहेर पळणारा. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलंय. सही बघून बरं वाटलं आणि मग दिवसभर वाटत राहिलं की सही केलीस तर चार ओळीही लिहिल्या असत्यास.

वीस दिवस उरलेत आणि हरकतींच्या खात्यात शून्य आहे. मी रोज सकाळी कोट खुंटीला टांगायच्या आधी ते उघडून बघते. शून्य.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी गाळली. ते वाक्य कलम नऊमध्ये आलं कुठून, ते लिहिलं नाही. सांगते. बैठकीत आमच्या लांब टेबलाशी आम्ही पाच जण होतो आणि भिंतीवरच्या पडद्यावर बाकीच्या रजिस्ट्र्यांचे चेहरे. वकीलबाई म्हणाल्या, मुदतीचे शब्द पारखलेले हवेत. तर अध्यक्ष म्हणाले की असं वाक्य आपल्या सचिवबाईंच्या विभागात बारा वर्षं चालू आहे आणि त्याबद्दल एकही तक्रार नाही. पडद्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

ते वाक्य माझं आहे, भुंग्या. कमिटीचं नाही, यंत्राचं तर नाहीच. बारा वर्षांपूर्वी आकडे संपत आले होते, नव्या लोकांची रांग लागली होती, आणि जुने सभासद आकडे वापरतात की नुसते धरून बसलेत हे विचारलं तर निम्मे उत्तरच देत नव्हते. मी म्हटलं, तीस दिवस वाट बघू, नाहीतर आकडे परत घेऊ. सगळे कसे खूश झाले. आणि मागच्या रांगेतून तू, नेहमीसारखा, हात वर न करताच बोललास: ‘आणि उत्तर देणाराच आडवा पडला असेल तर?’

कोणीतरी म्हणालं, मग त्याला आकडे कशाला हवेत? सगळे हसले. मीही हसले. काल ते जुनं इतिवृत्त काढून पाहिलं. तुझा प्रश्न त्यात नाही. माझ्या हातानं लिहिलंय: ‘सविस्तर चर्चा झाली. हरकत नाही.’

आज अध्यक्षांच्या खोलीत गेले. माणूस वाईट नाही; कुंड्यांना स्वतः पाणी घालतो आणि सगळ्यांना ‘अहो’ म्हणतो. म्हटलं, कलम नऊ मला टोचतंय. पाण्याची झारी खाली न ठेवता ते म्हणाले, ‘बाई, सचिवानं टोचून घ्यायचं नसतं. कोणाला अडचण असती तर एव्हाना लिहून आलं असतं ना? कोणी लिहिलेलं नाही, म्हणजे कोणाला अडचण नाही.’

माझंच वाक्य मला ऐकवलं त्यांनी.

लिही रे. शिव्या दिल्यास तरी चालेल, खाली सही मात्र कर.

ताई


१८ मार्च

भुंग्या,

दुसऱ्या पत्राची पोचपावती अजून आली नाही. पोस्टाला उशीर होतोच. मी खिडकीशी तीनदा चौकशी केली, आता तो माणूस मला पाहिलं की आधीच मान हलवतो.

तेरा दिवस. खात्यात शून्य.

समुद्रापलीकडच्या रजिस्ट्रीत माझ्यासारखंच काम करणारी एक बाई आहे. आम्ही कधी भेटलो नाही, पण अठरा वर्षं एकमेकींची इतिवृत्तं दुरुस्त करतोय. काल तिनं बैठकीबाहेर वेगळा फोन केला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या इमारतीत पाणी शिरलं, यंत्रं गेली, निम्मी माणसं गावं सोडून गेली. एकोणचाळीस दिवस त्यांच्याकडून कोणालाही एक अक्षर गेलं नाही. ती आणि एक वायरमन असे दोघंच जुन्या शाळेच्या वर्गात बसून नोंदी वहीत लिहीत होते, आणि त्या वहीवर कितीतरी देशांतले दवाखाने, विमानतळ चालू राहिले. तिनं मला विचारलं, ‘कलम नऊ तेव्हा असतं तर एकतिसाव्या दिवशी आम्ही काय झालो असतो?’

मी म्हटलं, हरकत घे. ती म्हणाली, मी नोकर आहे, तुझ्यासारखीच. आणि आमचे संचालक म्हणतात, गप्प बसा, आपण कमजोर आहोत हे जगाला कशाला ओरडून सांगायचं?

बघ, ज्याला बोलायला हवं तोच बोलू शकत नाही. उत्तर न येणं म्हणजे मान्य असणं, हे मी कुठून काढलं कोण जाणे. आपल्या घरात तर असं नव्हतं. तू लहानपणी अखंड गुणगुणायचास, म्हणून तर भुंग्या. तुझा आवाज थांबला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, ‘तो गप्प झालाय, जाऊन बघ.’ विचार म्हणायची नाही, हाक मार म्हणायची नाही. आणि मी गेले की तू खरंच कुठेतरी गुडघा फोडून, नाहीतर पाण्याच्या टाकीत अडकून बसलेला असायचास. चाळीस वर्षांपूर्वी जे कळत होतं ते शिकूनसवरून विसरले मी.

अजून एक सांगायचंय. यादी यंत्रानं काढली हे खरं. पण त्यातलं तुझं नाव मला आधी दिसलं नाही, असं जे मी तुला बोलले होते, ते खरं नाही. दिसलं होतं.

आज इतकंच लिहवतंय.

ताई


२४ मार्च

भुंग्या,

माझं तिसरं पत्र परत आलं. पाकिटावर शिक्का आहे: ‘घर बंद’. दुसऱ्याच्या पोचपावतीचा पत्ता नाही.

तेव्हापासून माझी पाचावर धारण बसली आहे. तुझ्या दुरुस्तीच्या दुकानाचा नंबर शोधून काढला. वाजतो आणि कोणी उचलत नाही. शेजारचं कोण ते मला माहीत नाही. तुझ्या घराला शेजार आहे का, हेही मला माहीत नाही. जगातल्या कुठल्या यंत्राचा पत्ता कोणाच्या नावावर आहे ते मी बसल्या जागी सांगते, आणि सख्खा भाऊ कुठे आहे ते मला कळत नाही. कामाला गेला असशील कुठे. पंप दुरुस्त करायला वरच्या गावांत जातोस असं ऐकलं होतं. किंवा पोस्टमन आळशी असेल. किंवा तूच त्याला सांगितलं असशील, असं लिही म्हणून. हे शेवटचं खरं असावं असं मी मनापासून इच्छिते.

आता सगळं लिहिते. परत आलेलं तिसरंही याच पाकिटात घालते.

सहा वर्षांपूर्वी, तुझ्या नोटिशीच्या एकतिसाव्या दिवशी दुपारी मी कचेरीत नव्हते. तुला ठाऊक आहे मी कुठे होते. वॉर्डाबाहेरच्या हिरव्या बाकावर, तुझ्या शेजारी. डबा घेऊन आले होते आणि काम अडू नये म्हणून लॅपटॉपही. मांडीवर यादी उघडली. उत्तर न आलेले सतरा सभासद, पाचवं नाव तुझं. तू माझ्यापासून दोन हातांवर भिंतीला डोकं टेकून झोपला होतास. महिन्याहून जास्त दिवस तू घरी गेला नव्हतास. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत मास्तरणीच्या चपला होत्या. नर्सनं काढून दिलेल्या, आणि त्या कुठे ठेवायच्या हे न कळून तू धरून बसला होतास.

तुझे मेल कोणी का उघडत नाही हे साऱ्या जगात मला एकटीला माहीत होतं. खांद्याला हात लावला असता तर तू जागा झाला असतास. एक ओळ पुरली असती: ‘आकडे वापरात आहेत.’

मी हात लावला नाही. आदल्याच वर्षी कोणीतरी सभेत बोललं होतं, सचिवबाईंच्या भावाला नोटिसा उशिरा जातात. ते माझ्या मनात सलत होतं. आता उठवलं तर म्हणतील, बहिणीनं वाचवलं. मला भीती वाटली, भुंग्या. तुझी नाही, मास्तरणीची नाही. लोकांची. नाकासमोर चालणारी बाई म्हणून नाव होतं ना माझं. मी ‘हरकत नाही’ वर बोट ठेवलं, लॅपटॉप मिटला आणि तुला जाग आल्यावर विचारलं, जेवतोस ना?

चार दिवसांनी मास्तरीण गेली. तू दरीतल्या घरी परतलास तोवर तुझे आकडे रांगेतल्या दुसऱ्याच्या नावावर झाले होते. अकरा गावं, एक दवाखाना, तिच्या दोन शाळा, सगळं मुकं. मोठी कंपनी आली ती फक्त बाजारपेठेपुरती, वरच्या सात गावांत अजून कोणी गेलेलं नाही. नोटिशीखाली माझी सही पाहून तू विचारलंस, ‘ताई, तुला माहीत होतं का?’ आणि मी म्हटलं, यंत्रानं काढलेली यादी होती रे.

सहा वर्षं या एका वाक्याच्या आड बसले आहे.

आता माझा प्रश्न. मुदत संपायला सात दिवस आहेत. तू लिहिणार नसशील तर मी राजीनामा देऊन स्वतः हरकत घेईन. नोकर नाही म्हटल्यावर मला कोण अडवणार? निवृत्तीला चौदा महिने होते, नसतील आता. पण नुकसान दाखवायचं तर तुझी गोष्ट सांगावी लागेल. बाक, चपला, मास्तरीण, अकरा गावं. ती गोष्ट तुझी आहे. सांगू का? ‘हो’ किंवा ‘नाही’, एका शब्दानं काम होईल.

ताई


३१ मार्च, दुपारी

भुंग्या,

तुझा शब्द आला नाही. शेवटच्या पत्राची पावतीही नाही. दुकानाचा फोन आज सकाळीही नुसता वाजला.

नऊ वाजता राजीनामा दिला. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला आणि मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले, कारण बसले असते तर कदाचित परत मागितला असता. मग टेबल आवरलं. अठरा वर्षांच्या टेबलात माझं असं काय निघालं? एक चष्मा, एक शाल आणि तू दिलेलं ते मोडकं टेस्टर, वायर जिवंत आहे का बघायचं.

दहा वाजता बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या संगणकावर बसून हरकत लिहिली. लिहायला बसल्यावर हात अडला. तुझी गोष्ट सगळी तयार होती माझ्याकडे, आणि ती वाचून त्या टेबलाशी कोणाची छाती झाली नसती कलम नऊला हात वर करायची. तू ‘नाही’ म्हटलेलं नव्हतंस. मन म्हणालं, मग घाल की, त्यानं हरकत कुठे घेतली आहे?

तेव्हा मी कळांवरून हात काढून घेतला. सहा वर्षांनी, त्याच माणसाबाबत, तेच करायला बसले होते मी.

म्हणून फक्त माझं होतं तेवढं लिहिलं. तुझं नाव नाही, गाव नाही, मास्तरीण नाही, दवाखान्याचा बाकही नाही. लिहिलं ते असं:

‘हे वाक्य मी तयार केले. ते मंजूर होताना एका सभासदाने विचारले होते की उत्तर देणाराच आडवा पडला असेल तर काय. तो प्रश्न मी इतिवृत्तातून गाळला. ते इतिवृत्त चुकीचे आहे. पुढे एका सभासदाचे उत्तर मुदतीत आले नाही. ते का आले नाही हे मला माहीत होते. तरीही मी हरकत नाही अशी नोंद केली, कारण वाक्याने मला तशी मुभा दिली होती. त्या सभासदाचे सर्व गेले. या वाक्याबद्दल बारा वर्षांत तक्रार नाही असे सांगितले जाते. तक्रार करू शकणाऱ्याचेच तोंड या वाक्याने बंद होते, म्हणून तक्रार नाही.’

खात्यात शून्याचा एक झाला. अध्यक्ष स्वतः बाहेर आले. इतका पडलेला चेहरा त्यांचा मी पाहिला नव्हता. म्हणाले, ‘बाई, ते सभासद कोण? त्यांचं निवेदन जोडलं तर वजन येईल. नाहीतर ही नुसती तुमची बदनामी होईल.’

‘सांगायचा अधिकार मला नाही.’

‘त्यांनी नको म्हटलंय का?’

‘त्यांनी काहीच म्हटलेलं नाही,’ मी म्हटलं.

ते म्हणाले, बघतो. पडद्यावरच्या लोकांनी बघून न बघितल्यासारखं केलं तर कलम नऊ जसंच्या तसं जाईल. माझी नोकरी जायची ती गेलीच. मला त्याचं काही वाटत नाहीये याचंच नवल वाटतंय. सगळं चित्त त्या ‘घर बंद’ वर आहे.

ताई


४ एप्रिल

भुंग्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये.

काल कमिटी बसली. मी बाहेरच्या बाकावर, आता मला आत प्रवेश नाही. वकीलबाई दार उघडून बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या, जे त्यांनी कधी केलं नव्हतं. समुद्रापलीकडच्या त्या बाईनं साडेचारला, मुदत संपायला अर्धा तास असताना, संचालकांना न विचारता आपली वहीची गोष्ट पाठवली होती. राजीनाम्यासकट. दोन हरकती झाल्या. अध्यक्ष आत म्हणाले म्हणे, की दोन सचिव नोकरी सोडतात ते वाक्य मी पुढे नेणार नाही. कलम नऊ परत लिहायला आलं. आणि वकीलबाईंनी मला विचारलं, ‘तुम्ही लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं?’

त्यांच्याच पॅडवर लिहून दिलं. त्यांनी एक शब्द बदलून तेच घेतलंय. मे महिन्यात पुन्हा हरकतींसाठी जाहीर होईल, तोवर काही खरं नाही. पण आजच्या घडीला कलम नऊ असं आहे:

‘मुदतीत उत्तर न आल्यास त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. प्रत्यक्ष माणूस पाठवून उत्तर का आले नाही ते पाहावे. तोपर्यंत कोणतीही कारवाई करू नये.’

आईचंच वाक्य आहे, फक्त जरा कोट चढवलेलं.

तुला पहिलं पत्र पाठवून उद्या बत्तीस दिवस होतील. उत्तर आलेलं नाही. रागावला असशील, आजारी असशील, वर पंपावर असशील, पत्रं चुलीत घातली असशील. मी यातलं काही धरून चालत नाहीये. आणि ही भीती बरोबर घेऊन मला आता घरात बसवत नाही.

उद्या सकाळच्या बसनं निघते आहे. वाटेत एक बस बदलायची आणि मग चढ चालायचा, असं डेपोतला माणूस म्हणाला. शाल, चष्मा आणि तुझं टेस्टर घेतलंय. हे पत्र हातात आहे. दार बंद असेल तर खालून आत सरकवीन. आत असशील तर वाच आणि हवं तर दार उघडू नकोस. उघडलं नाहीस तर त्याचा काही अर्थ मी लावणार नाही.

पायरीवर बसून राहीन. गुणगुणलास तर ऐकू येईल.

ताई